स्वामी (दूरदर्शन मालिका)

स्वामी ही रणजित देसाई यांच्या याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली मराठी ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिका आहे. गजानन जागीरदार यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरदर्शनवरून प्रसारित झाली. चौथे पेशवे थोरले माधवराव यांची अकरा वर्षांची कारकीर्द आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांच्याशी असलेले त्यांचे सहजीवन हा मालिकेचा विषय आहे. माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव (पुढे मृणाल कुलकर्णी) होत्या.

खासगी वाहिन्यांच्या आगमनापूर्वीच्या मराठी मालिकांमध्ये 'स्वामी'चा उल्लेख आवर्जून होतो. मात्र महाराष्ट्राबाहेर आणि नंतरच्या पिढीतील प्रेक्षकांत ती फारशी परिचित नाही. मालिकेचे कथाविश्व मुख्यतः पुणे आणि थेऊर यांच्याभोवती फिरते. परंतु ज्या कारकिर्दीवर ती आधारलेली आहे, त्या कारकिर्दीतील एक निर्णायक मोहीम आजच्या वाशीम जिल्ह्यातील वाशीम व कारंजा या भागातून गेली होती. त्यामुळे या मालिकेचा नायक वऱ्हाडाच्या इतिहासात काहीशा वेगळ्या भूमिकेत आढळतो.

## पार्श्वभूमी

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसरात त्याचे कार्यक्रम दिसू लागले. आरंभीच्या काळात मराठी कार्यक्रमांत नाट्यप्रवेश, मुलाखती, शेतीविषयक माहिती आणि 'गजरा'सारखे मनोरंजनपर कार्यक्रम यांचा भरणा होता. चिं. वि. जोशी यांच्या कथांवर आधारलेल्या 'चिमणराव' मालिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस साहित्यकृतीचे मालिकेत रूपांतर करण्याची वाट रुळवली. त्या मालिकेतील दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ घराघरांत पोहोचले.

इ.स. १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९८४ मध्ये आलेल्या 'हमलोग' या हिंदी मालिकेनंतर प्रायोजित मालिकांचे युग अवतरले. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' प्रसारित होऊ लागले, तर १९८८ मध्ये श्याम बेनेगल यांची ५३ भागांची 'भारत एक खोज' आणि बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' आले. पौराणिक व ऐतिहासिक विषयांना मोठा प्रेक्षकवर्ग असल्याचे या मालिकांमुळे स्पष्ट झाले. 'स्वामी' ही याच कालखंडातील मराठी निर्मिती होय.

## मूळ कादंबरी

रणजित देसाई (१९२८–१९९२) यांची 'स्वामी' ही कादंबरी इ.स. १९६२ मध्ये प्रकाशित झाली. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठीतील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये तिची गणना होते. पुढे देसाई यांनी शिवचरित्रावर 'श्रीमान योगी' आणि कर्णाच्या जीवनावर 'राधेय' या कादंबऱ्या लिहिल्या.

'स्वामी'मध्ये लढायांच्या वर्णनापेक्षा माणसांच्या परस्परसंबंधांना अधिक जागा आहे. पानिपतच्या पराभवानंतर अल्पवयात सत्तेवर आलेला पेशवा, त्याला वारंवार विरोध करणारा चुलता, करारी आई, निःस्पृह न्यायाधीश आणि अबोल, समंजस पत्नी अशा व्यक्तिरेखांतून कथानक उलगडते. संवादप्रधान मांडणी आणि मर्यादित स्थळे या वैशिष्ट्यांमुळे ही कादंबरी कलागृहात चित्रित होणाऱ्या मालिकेला अनुकूल होती.

## ऐतिहासिक आधार

माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मध्ये झाला. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. त्यात माधवरावांचे थोरले बंधू विश्वासराव आणि चुलते सदाशिवरावभाऊ मारले गेले. त्याच वर्षी जूनमध्ये वडील नानासाहेब पेशवे यांचे निधन झाले आणि वयाच्या सतराव्या वर्षी माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली.

त्यांच्या कारकिर्दीतील पुढील घटना कथानकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत:

* आळेगाव (१७६२): चुलते रघुनाथराव (राघोबादादा) यांच्याशी उघड संघर्ष झाला. घरातील भांडणामुळे राज्य बुडू नये म्हणून माधवरावांनी त्यांच्यापुढे नमते घेतले.
* राक्षसभुवन (१० ऑगस्ट १७६३): निजामाच्या सैन्याचा पराभव झाला आणि त्याचे दिवाण विठ्ठल सुंदर मारले गेले. या विजयाने माधवरावांचा लष्करी अधिकार प्रस्थापित झाला.
* कर्नाटकातील मोहिमा: हैदरअलीविरुद्ध अनेक स्वाऱ्या झाल्या.
* धोडप (जून १७६८): रघुनाथरावांचा पराभव होऊन त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.
* कनकापूरचा तह (१७६९): नागपूरकर जानोजी भोसले यांना पेशव्यांचे वर्चस्व मान्य करावे लागले.
* उत्तरेकडील मोहीम: मराठा फौजा पुन्हा दिल्लीपर्यंत पोहोचल्या आणि १७७२ च्या आरंभी बादशहा शाहआलम मराठ्यांच्या संरक्षणाखाली दिल्लीत परतला.

क्षयाच्या विकाराने माधवरावांचे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथील गणपती मंदिराच्या परिसरात निधन झाले. त्या वेळी ते २७ वर्षांचे होते. रमाबाई त्यांच्यासोबत सती गेल्या. पानिपतचे रणमैदानही मराठी राज्याला या तरुण पेशव्याच्या अकाली मृत्यूपेक्षा अधिक घातक ठरले नाही, असे मत इतिहासकार ग्रँट डफ यांनी नोंदवले आहे.

## दिग्दर्शक

गजानन जागीरदार यांचा जन्म २ एप्रिल १९०७ रोजी अमरावती येथे झाला. प्रभात फिल्म कंपनीच्या 'शेजारी' (१९४१) या चित्रपटातील त्यांची मिर्झाची भूमिका गाजली. इ.स. १९४४ मध्ये प्रभातचाच 'रामशास्त्री' हा चित्रपट आला. पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या जीवनावरील या चित्रपटात त्यांनी मुख्य भूमिका केली आणि दिग्दर्शनातही त्यांचा वाटा होता. पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटचे ते पहिले प्राचार्य होते.

रामशास्त्री हे माधवरावांच्या दरबारातील न्यायाधीश होते. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगणारे शास्त्रीबुवा ही मराठी जनमानसातील न्यायनिष्ठेची प्रतिमा आहे. 'रामशास्त्री' आणि 'स्वामी' या दोन कलाकृतींमध्ये चार दशकांहून अधिक अंतर असले, तरी दोहोंचा काळ आणि अनेक पात्रे समान आहेत. 'स्वामी' ही जागीरदार यांच्या दीर्घ कारकिर्दीच्या अखेरच्या टप्प्यातील कलाकृती ठरली. १३ ऑगस्ट १९८८ रोजी त्यांचे निधन झाले.

## कलाकार आणि व्यक्तिरेखा

* रवींद्र मंकणी – माधवराव पेशवे: संयत संवादफेक आणि करारी मुद्रा यांमुळे ही भूमिका त्यांची ओळख बनली.
* मृणाल देव – रमाबाई: शाळकरी वय नुकतेच ओलांडताना केलेली ही त्यांची पहिली महत्त्वाची भूमिका होती. लेखिका वीणा देव या त्यांच्या मातोश्री, तर कादंबरीकार गो. नी. दांडेकर हे आजोबा. दांडेकरांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील परतवाड्याचा असल्याने दिग्दर्शक आणि नायिका या दोघांच्याही घराण्यांचा वऱ्हाडाशी संबंध पोहोचतो.
* श्रीकांत मोघे – रघुनाथराव: पराक्रमी, पण सत्तेच्या लोभाने आणि कानफुंक्यांच्या सल्ल्याने भरकटलेला चुलता.
* दया डोंगरे – गोपिकाबाई: माधवरावांच्या मातोश्री. कारभारात लक्ष घालणारी आणि मुलाशी मतभेद झाल्यावर पुण्याबाहेर राहणे पत्करणारी स्त्री.

## वऱ्हाडची मोहीम आणि वाशीम

### दुहेरी अंमल

अठराव्या शतकात वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचा अंमल चाले. महसुलाची दोघांत वाटणी होई. या व्यवस्थेला 'दोअमली' म्हणत. गावच्या पाटलाला दोन सत्तांच्या अंमलदारांना तोंड द्यावे लागे. फौज जवळून गेली की चाऱ्याचा आणि धान्याचा भार पुन्हा रयतेवरच पडे. 'घासदाणा' या नावाने होणारी वसुली हा या भाराचाच एक प्रकार होता.

वाशीम हे त्या काळी कापडासाठी प्रसिद्ध असलेले गाव होते, तर कारंजा ही जुनी श्रीमंत बाजारपेठ होती. इ.स. १६७० मध्ये दुसऱ्या सुरत स्वारीनंतर शिवाजी महाराजांच्या फौजेने कारंजा लुटल्याची नोंद आहे. यावरून या पेठेच्या संपत्तीची कल्पना येते. दत्तसंप्रदायातील नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणूनही कारंजा परिचित आहे.

### संघर्षाची कारणे

जानोजी भोसले हे सेनासाहेबसुभा रघुजी भोसले यांचे पुत्र. इ.स. १७६३ मध्ये त्यांनी प्रथम निजामाची बाजू घेतली आणि दोघांच्या फौजांनी पुणे लुटले. पुढे ३२ लाखांच्या मुलुखाच्या बदल्यात ते पेशव्यांकडे वळले आणि राक्षसभुवनच्या लढाईत निजाम एकाकी पडला. दोन्ही बाजूंना दगा देणाऱ्या या सरदाराबद्दल माधवरावांच्या मनात अविश्वास कायम राहिला. इ.स. १७६६ मध्ये त्यांनी निजामाच्याच साहाय्याने जानोजींवर चाल करून त्या मुलुखापैकी मोठा भाग परत घेतला. धोडपच्या वेळी जानोजींनी रघुनाथरावांचा पक्ष घेतल्याने संघर्ष पुन्हा पेटला.

### इ.स. १७६९ ची स्वारी

१७६९ च्या आरंभी पेशव्यांची फौज निजामाच्या कुमकेसह वाशीम आणि कारंजा या मार्गाने वऱ्हाडात शिरली. जानोजींनी समोरासमोरची लढाई टाळली आणि गनिमी काव्याचा अवलंब केला. पेशव्यांच्या सैन्याने नागपूर लुटले. उलट जानोजींनी हुलकावणी देऊन पुण्याच्या दिशेने धाव घेतली. त्यामुळे पुण्यात घबराट पसरली आणि पेशव्यांनाही माघारी वळणे भाग पडले. अखेर दोन्ही बाजू तहाला तयार झाल्या.

### कनकापूरचा तह

२३ मार्च १७६९ रोजी झालेल्या कनकापूरच्या तहातील प्रमुख अटी अशा होत्या: पूर्वी मिळालेल्या मुलुखाचा उरलेला भाग जानोजींनी परत करावा, औरंगाबाद प्रांतात घासदाणा वसूल करू नये, पेशव्यांना दरसाल पाच लाख रुपये खंडणी द्यावी, पेशव्यांच्या परवानगीवाचून फौज वाढवू किंवा घटवू नये, बोलावणे येताच चाकरीस हजर व्हावे, आणि दिल्लीचा बादशहा, निजाम, इंग्रज, रोहिले यांच्याशी परस्पर राजकारण करू नये. वाशीम आणि बाळापूर येथे विणलेले पाच हजार रुपये किमतीचे कापड दरसाल देण्याचे कलमही या तहात होते.

कापडाची किंमत खंडणीच्या रकमेपुढे किरकोळ असली, तरी स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने हे कलम लक्षणीय आहे. दोन सत्ताधीशांच्या करारात वाशीमच्या विणकरांच्या हातमागावरील मालाचा नावानिशी उल्लेख झाला. त्यातून त्या मालाचा लौकिक जसा कळतो, तसेच पुणे आणि नागपूर यांच्यातील भांडणाची झळ कोणापर्यंत पोहोचत होती हेही कळते.

### वाशीमच्या इतिहासातील स्थान

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. शहरातील बालाजी मंदिर हे भोसलेकालीन असून साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी ते इ.स. १७७९ मध्ये बांधले. साबाजी हे जानोजींचे बंधू. माधवरावांची कारकीर्द संपल्यानंतर अवघ्या सात वर्षांनी उभे राहिलेले हे मंदिर त्या काळातील वाशीमवरील भोसल्यांच्या प्रभावाची खूण आहे. ब्रिटिश काळात 'बाशीम' या नावाने ओळखला जाणारा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये विसर्जित झाला. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन आजचा वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. त्यात वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके आहेत. 'स्वामी' प्रसारित झाली, तेव्हा हा प्रदेश अकोला जिल्ह्यातच होता.

पुण्याच्या इतिहासलेखनात १७६९ ची स्वारी ही विस्कटलेल्या मराठा संघाची घडी बसवणारी कृती मानली जाते. वऱ्हाडाच्या दृष्टीने मात्र ती मराठा फौजांनी मराठा मुलुखातच केलेली स्वारी होती. एकाच व्यक्तीच्या चरित्राभोवती रचलेल्या कलाकृतीत असे दुसरे बाजूचे अनुभव सहसा पार्श्वभूमीलाच राहतात.

## सतीचा प्रसंग

कादंबरीचा शेवट रमाबाईंच्या सहगमनाने होतो. थेऊर येथे मुळा-मुठा नदीच्या काठी रमाबाईंचे स्मारक आहे. पेशवे घराण्यात सती जाण्याची सक्ती नव्हती. माधवरावांच्या मातोश्री गोपिकाबाई पतिनिधनानंतर अनेक वर्षे हयात होत्या, तर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीही सहगमन केले नाही. त्यामुळे रमाबाईंचा निर्णय हा त्यांच्या व्यक्तिरेखेचा भाग म्हणून साहित्यात रंगवला जातो.

मालिका ज्या दशकात आली, त्याच दशकात हा विषय देशात ऐरणीवर आला होता. ४ सप्टेंबर १९८७ रोजी राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर या तरुण विधवेचा पतीच्या चितेवर मृत्यू झाला आणि देशभर निषेध झाला. त्यानंतर संसदेने सती (प्रतिबंध) अधिनियम, १९८७ संमत केला. सतीच्या कृत्यासोबतच तिचे उदात्तीकरण हाही या कायद्याने गुन्हा ठरला. अठराव्या शतकातील सहगमनाकडे प्रेमकथेची परिणती म्हणून पाहावे की तत्कालीन रूढीचा बळी म्हणून, हा प्रश्न रमा-माधवांवरील प्रत्येक कलाकृतीच्या संदर्भात तेव्हापासून अधिक टोकदार झाला आहे.

## अन्य देशांतील समांतर उदाहरणे

ऐतिहासिक व्यक्तीचे चरित्र मालिकेच्या रूपाने मांडण्याची परंपरा अनेक देशांत आहे. जपानमध्ये एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था १९६३ पासून दरवर्षी 'ताइगा' प्रकारातील एक ऐतिहासिक मालिका सादर करते. एका व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या चरित्रावरील ही मालिका बहुधा वर्षभर चालते. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९७१ मध्ये 'एलिझाबेथ आर' ही सहा भागांची मालिका सादर केली. तीत ग्लेंडा जॅक्सन राणीच्या भूमिकेत होत्या.

'स्वामी'ला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे बीबीसीची 'आय, क्लॉडियस' (१९७६) ही मालिका. रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या मालिकेतही रणांगणांपेक्षा राजघराण्यातील कलह, संवाद आणि बंदिस्त दालने यांवर भर होता. दोन्ही उदाहरणांत कादंबरीकाराने उभी केलेली व्यक्तिरेखा लोकांच्या मनात मूळ ऐतिहासिक व्यक्तीची जागा घेते. 'स्वामी' वाचलेल्या किंवा पाहिलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे माधवराव उभे राहतात ते बव्हंशी देसाई यांनी रेखाटलेले असतात. त्या चित्राची पडताळणी पेशवे दप्तरातील कागदपत्रे, बखरी आणि पत्रव्यवहार यांच्या आधारे करावी लागते.

## प्रभाव आणि नंतरच्या कलाकृती

'स्वामी'ने मंकणी आणि मृणाल कुलकर्णी यांच्या कारकिर्दीला दिशा दिली. पुढे मृणाल कुलकर्णी यांनी चित्रपट, मालिका आणि नाटक यांतून अनेक ऐतिहासिक भूमिका केल्या. इ.स. २०१४ मध्ये त्यांनी याच विषयावर 'रमा माधव' हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात माधवरावांच्या भूमिकेत आलोक राजवाडे आणि रमाबाईंच्या भूमिकेत पर्ण पेठे होती. मालिकेतील रमाबाई असलेल्या मृणाल कुलकर्णी या चित्रपटात गोपिकाबाईंच्या, तर मालिकेतील माधवराव असलेले रवींद्र मंकणी नानासाहेब पेशव्यांच्या भूमिकेत दिसले. एका पिढीतील पती-पत्नीच्या भूमिका करणारे कलावंत पुढच्या पिढीच्या कथेत त्यांच्याच आईवडिलांच्या भूमिकेत आले.

इ.स. २०१९ मध्ये कलर्स मराठी वाहिनीवर 'स्वामिनी' ही मालिका सुरू झाली. तीत रमाबाईंच्या बालपणापासून कथा सांगितली असून गोपिकाबाईंची भूमिका ऐश्वर्या नारकर यांनी केली. शीर्षकातील 'स्वामी' ते 'स्वामिनी' हा बदल कथेचा केंद्रबिंदू माधवरावांकडून रमाबाईंकडे सरकल्याचे सूचित करतो.

नागपूरकर भोसल्यांच्या बाजूने हाच कालखंड मांडणारी मालिका मात्र मराठीत ठळकपणे पुढे आलेली नाही. रघुजी, जानोजी, साबाजी आणि मुधोजी यांच्या काळातील वऱ्हाड, तेथील दोअमली, कारंज्याची पेठ आणि वाशीमचे विणकर हे विषय आजही प्रामुख्याने गॅझेटिअर आणि स्थानिक इतिहासाच्या ग्रंथांतच आढळतात.

## हेही पहा

* थोरले माधवराव पेशवे
* रमाबाई पेशवे
* रणजित देसाई
* गजानन जागीरदार
* जानोजी भोसले
* कनकापूरचा तह
* वाशीम जिल्हा
* कारंजा